वॉर्डातली दादागिरी: माणसं सुधारायची की ड्युटी लिस्ट?

पाळीप्रमुख

नमस्कार मंडळी. परिचारिकांनीच परिचारिकांना दिलेल्या त्रासाबद्दल विचारायचं आहे, पण वॉर्डाच्या कारभाराच्या अंगाने. धीर देणारे शब्द नकोत, पद्धत सांगा.

चित्र ओळखीचंच आहे. नव्याने रुजू झालेल्या मुली तीन-चार महिन्यांत बदली मागतात किंवा सोडून जातात. राजीनाम्यात कारण 'घरगुती'. लेखी तक्रार एकही नाही. वरून विचारणा झाली की संवादकौशल्याची कार्यशाळा होते, चहा-बिस्किटं होतात आणि सोमवारपासून पहिले पाढे पंचावन्न.

१. कडक शिस्त कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो?
२. तक्रारच नसेल तर हे मोजायचं कसं?
३. कार्यशाळेऐवजी नेमकं काय बदलायचं?
४. 'आम्हीही सोसलं, म्हणून तर तयार झालो' याला उत्तर काय?

जुनी_अधिसेविका

अभ्यासक छळ म्हणताना तीन गोष्टी बघतात: वागणूक पुन्हा पुन्हा होते का, बराच काळ चालते का, आणि सोसणारीला उलट बोलता येऊ नये इतका दोघींच्या अधिकारात किंवा वजनात फरक आहे का. हाइन्त्स लेमान यांनी १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये या विषयाचा पाया घातला. त्यांचा निकष होता आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने. तो संशोधनासाठी होता. तक्रार नोंदवायची की नाही हे त्यावरून ठरवू नका. 'अजून सहा महिने कुठे झालेत?' असं म्हणून परत पाठवलेली मुलगी सहा महिने थांबत नाही, राजीनामा देते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९० क्रमांकाच्या करारात (२०१९) तर एकदाच घडलेलं वर्तनही धरलं आहे.

शिस्तीची ओळख सोपी आहे. बोलणं कृतीबद्दल असतं, चूक झाल्यावर लगेच होतं, शक्यतो बाजूला घेऊन होतं, तीच चूक दुसरीने केली तरी तेच ऐकवलं जातं आणि पुढे काय करायचं ते त्यातून कळतं. 'सहाच्या इन्शुलिनआधी शुगर तपासलेली दिसत नाही. आत्ता तपासा, आणि यापुढे आधी नोंद, मग डोस.' ही शिस्त. 'तुला पास कुणी केलं गं?' हे डॉक्टर, नातेवाईक आणि मावशींसमोर विचारणं यात शिस्त कुठेच नाही, कारण त्यातून तिला दुरुस्त करायला काहीच मिळत नाही. अपवाद एकच: चूक रुग्णापर्यंत पोचायच्या बेतात असेल तर तिथल्या तिथे हात धरून थांबवा. आवाज चढला तरी हरकत नाही. कारणं नंतर, दार लावून.

मोजायचं म्हणाल तर सुरुवात ड्युटी लिस्टपासून करा. आरडाओरडा सगळ्यांना ऐकू जातो, पण खरा त्रास लिस्टमधून दिला जातो आणि तो कागदावर उरतो. मागच्या १२ आठवड्यांच्या लिस्ट घ्या आणि प्रत्येक परिचारिकेपुढे एवढं भरा:

- एकूण रात्रपाळ्या आणि सलग किती
- शनिवार-रविवारच्या सुट्ट्या
- दोन पाळ्यांमध्ये ११ तासांपेक्षा कमी विश्रांती किती वेळा (दुपारची पाळी करून लगेच सकाळची)
- मागितलेल्या रजा आणि मंजूर रजा
- लिस्ट लागल्यानंतर झालेले बदल, आणि ते कुणी केले
- दुसऱ्या वॉर्डात 'पाठवणी' किती वेळा

शेवटचे दोन रकाने सगळ्यात बोलके. बाकी आकडे सारखे दिसतात आणि ऐनवेळचे बदल मात्र दोघींच्याच वाट्याला आलेले असतात.

यात चुका कुठे होतात? एक, लावलेली लिस्ट आणि प्रत्यक्ष झालेली ड्युटी वेगळी असते. आपसातल्या अदलाबदली फोनवर होतात. म्हणून हजेरीशी ताडून बघा. दोन, रुग्णसंख्या मोजली जाते, रुग्णांचा भार मोजला जात नाही. चार रुग्ण, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर, आणि सहा रुग्ण, सगळे उद्या घरी जाणारे, यांची बरोबरी कशी होणार? खाटवाटपाचे कागद दोन आठवड्यांचे काढले तरी कुणाच्या वाट्याला नेहमी कोपऱ्यातल्या जड खाटा येतात ते कळतं. तीन, गरोदरपण किंवा आजारपणामुळे रात्रपाळीतून सूट असलेल्यांना आधी वेगळं काढा, नाहीतर नको तिच्यावर बोट जाईल. आणि चार, ही तपासणी त्याच वॉर्डाच्या इन्चार्जकडे देऊ नका. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

आकडेमोड

वरच्या प्रतिसादाला +१. पाहणी करायची असेल तर प्रश्नावली घरी तयार करू नका. निगेटिव्ह ॲक्ट्स क्वेश्चनेअरची सुधारित आवृत्ती आहे, एनएक्यू-आर, संशोधक आयनार्सन आणि सहकाऱ्यांची. २२ प्रश्न, मागच्या सहा महिन्यांबद्दल. उत्तरं १ ते ५: कधीच नाही, अधूनमधून, महिन्याला, आठवड्याला, रोज. म्हणजे बेरीज २२ ते ११०. तिची खुबी अशी की या २२ प्रश्नांत 'छळ' हा शब्दच नाही. 'तुमचा छळ होतो का?' असं विचारलं की बहुतेक जणी नाही म्हणतात. 'कामावर परिणाम होईल अशी माहिती तुमच्यापासून लपवली जाते का?' असं विचारलं की पेन चालायला लागतं.

३३च्या खाली साधारण ठीक, ३३ ते ४४ अधूनमधून त्रास, ४५ आणि वर गंभीर, असे टप्पे वापरले जातात. पण ते नॉर्वेतल्या कर्मचाऱ्यांच्या नमुन्यावरून निघालेत. आपल्या वॉर्डात ३२ आले म्हणून पेढे वाटू नका. त्यापेक्षा त्याच वॉर्डाची सहा महिन्यांनंतरची बेरीज आणि कोणत्या प्रश्नांवर ४-५ पडलेत ते बघा. माहिती लपवणं, अशक्य मुदती आणि सतत पाळत यांवर पडले असतील तर कारभार दुरुस्त करायचाय. टोमणे, अफवा, वाळीत टाकणं यांवर पडले असतील तर टोळकं शोधायचंय.

गुप्ततेचं मात्र नीट पाळा. आठ-दहापेक्षा कमी जणींचा वॉर्ड असेल तर दोन-तीन वॉर्ड मिळून आकडे काढा. वय, नोकरीची वर्षं, शिक्षण हे रकाने टाकलेत की 'बीएससी, दोन वर्षं, नाईट' एवढ्यावर कोण ते कळतं. भरलेले फॉर्म इन्चार्जच्या टेबलावर गठ्ठ्याने ठेवायला सांगितले तर ती पाहणी तिथेच मेली. हस्ताक्षर ओळखू येतं, म्हणून मोकळी उत्तरं टाइप करून घ्या.

राजीनाम्याच्या वेळची मुलाखत जवळपास निरुपयोगी असते, कारण अनुभवाचा दाखला अजून हातात पडलेला नसतो. रुजू झाल्यापासून ३०, ६० आणि ९० दिवसांनी, वॉर्डाबाहेरच्या कुणीतरी, दहा मिनिटं बोलायचं. तीन प्रश्न पुरतात: शंका आली तर कुणाला विचारता? कुणाला विचारायचं टाळता? मागच्या आठवड्यात अडलेलं असूनही विचारलं नाही असं काय होतं? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं थेट रुग्णसुरक्षेची असतात.

रात्रपाळी

ड्युटी लिस्टइतकीच महत्त्वाची जागा म्हणजे ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना एकीने दुसरीकडे रुग्ण सोपवणं. माहिती अडवणं हे हत्यार सगळ्यात जास्त तिथेच चालतं आणि वरून काही दिसतही नाही. 'सांगितलं होतं की' आणि 'नाही सांगितलं' यात नवी मुलगी नेहमी हरते.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. ओव्हर खाटेजवळ, लेखी तक्त्यावरून, दोघींच्या सह्यांसकट. क्रम ठरलेला हवा: रुग्णाची ओळख आणि ॲलर्जी, निदान आणि कितवा दिवस, मागच्या पाळीतले व्हायटल्स (नाडी, रक्तदाब वगैरे) आणि ते कुठे झुकताहेत, चालू ड्रिप कोणती आणि किती वेगाने, कॅथेटर-ड्रेनचं माप, इन्शुलिन-हेपॅरिन-पोटॅशियमसारख्या धोक्याच्या औषधांचा शेवटचा डोस किती वाजता, कोणते रिपोर्ट यायचेत, कोणती ऑर्डर बाकी आहे. मग घेणारीने महत्त्वाचे मुद्दे परत म्हणून दाखवायचे. एवढं झाल्यावर 'सांगितलं-नाही सांगितलं' याला जागाच राहत नाही. ॲलर्जी, ड्रिपचा वेग आणि शेवटचा डोस हे रकाने कोरे असतील तर सही करायची नाही, हा नियम मेट्रननेच जाहीर करायला हवा. नव्या मुलीने स्वतःच्या जिवावर सही नाकारली तर ती आगाऊ ठरते.

ओव्हरमध्ये कुणाच्या चुकीचा पंचनामा करायचा नाही, हेही लिहून लावा.

दुसरी जागा म्हणजे शिकवणारी सीनियर. तीच शिकवते, तीच मूल्यमापनाच्या फॉर्मवर सही करते आणि तिच्याच शेऱ्यावर नोकरी पक्की होते. एवढी सत्ता एका हातात दिली की चांगली बाईसुद्धा बिघडते. म्हणून शिकवणारी आणि मूल्यमापन करणारी वेगळी ठेवा. फॉर्ममध्ये 'वृत्ती: समाधानकारक नाही' असले रकाने काढून टाका. त्याऐवजी कौशल्यांची यादी (आयव्ही लावणं, रक्त देण्याआधीची पडताळणी, ट्रेकिऑस्टॉमी सक्शन वगैरे) आणि प्रत्येकापुढे तीन तारखा: पाहिलं, देखरेखीखाली केलं, एकटीने केलं.

आणखी एक, जे सोयीस्करपणे विसरलं जातं: शिकवणारीला तिचे पूर्ण रुग्ण देऊन वर नवी मुलगी गळ्यात बांधली तर ती खेकसणारच. त्या पाळीला तिचे रुग्ण कमी करा, आणि नव्या मुलीला पहिले काही आठवडे मनुष्यबळात मोजू नका. हे न करता 'जरा प्रेमाने शिकवा' असं सांगणं म्हणजे फुकटचा उपदेश.

वेगळा_सूर

वरचं सगळं पटतं, पण चौथ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही.

परिचारिका एकमेकींवर का उलटतात याचं एक जुनं उत्तर १९८३ साली सुझन रॉबर्ट्स यांनी ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांच्या विचाराच्या आधारे मांडलं: दडपलेला गट वरच्याला बोलू शकत नाही, मग राग आपल्यातल्याच दुबळ्यावर निघतो. डॉक्टर आणि प्रशासन वर, परिचारिका खाली, आणि त्यांच्यात सगळ्यात खाली नवी मुलगी. यात तथ्य आहेच. पण हे उत्तर प्रशासनाला फार आवडतं, कारण 'बायका बायकांना छळतात' एवढंच त्यातून उचललं की हात झटकता येतात.

मला मारी हचिन्सन आणि सहकाऱ्यांचं ऑस्ट्रेलियातलं काम जास्त पटतं. त्यांचा रोख असा की छळ संस्थेच्या रीतसर कामकाजातून आणि आतल्या साट्यालोट्यातून चालतो. ठरावीक जणींची युती असते, त्या एकमेकींना सांभाळतात, तक्रार पोचते ती त्यांच्यातल्याच कुणाकडे, आणि बढतीही त्यांच्यातच फिरते. संस्था काय खपवून घेते आणि कुणाला बक्षीस देते तीच तिची संस्कृती. भिंतीवरची मूल्यांची पाटी वाचून काही कळत नाही. मागच्या पाच बढत्यांची नावं काढा आणि त्यांच्या हाताखालून किती जणी गेल्या ते शेजारी लिहा. हा कागद कोणत्याही पाहणीपेक्षा जास्त बोलतो.

'तिच्याशिवाय वॉर्ड चालत नाही' हे वाक्य ऐकलंत की समजा दुखणं सापडलं. डायलिसिसचं मशीन तिलाच येतं, स्टोअरची किल्ली तिच्याकडे, सर्जनला तीच हवी. मग तिला कोण बोलणार? प्रत्येक नाजूक कामाला किमान तीन जणी तयार करा आणि किल्ली, इंडेंट (साहित्याची मागणी), लिस्ट ही कामं दर काही महिन्यांनी फिरवा. यासाठी कुणावर कारवाईही करावी लागत नाही.

आता 'सोसलं म्हणून तयार झालो'. जी टिकली तीच हे सांगते. जी गेली ती सांगायला इथे नाही. आणि तयार झाली म्हणजे काय? प्रश्न न विचारायला शिकली. एमी एडमंडसन यांच्या १९९६च्या अभ्यासात चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. उलगडा असा झाला की तिथे लोक चुका सांगत होते, बाकीकडे झाकत होते. तेव्हा शून्य चुकांची नोंद असलेला वॉर्ड बघितला की कौतुकाआधी जरा चौकशी करा.

एका गोष्टीवर मात्र मी वरच्यांपेक्षा थोडी मवाळ आहे. कार्यशाळा अगदीच टाकाऊ नाहीत. मार्था ग्रिफिन यांनी २००४ साली २६ नव्या परिचारिकांना नेहमीच्या त्रासाला काय उत्तर द्यायचं याचा सराव दिला आणि ओळखपत्रासोबत ठेवायला छोटी कार्डं दिली. 'माझ्याबद्दल बोलायचं असेल तर माझ्याशीच बोला', 'मला वाटतं काहीतरी राहिलंय, सांगाल का?' या धाटणीची वाक्यं. ऐनवेळी तोंड उघडायला याचा उपयोग होतो. फक्त ओझं सोसणारीवरच येतं, म्हणून हाच एकमेव उपाय करू नये.

पाळीप्रमुख

आभार, हे छापून ठेवण्यासारखं आहे. दोन गोष्टी राहिल्या. तक्रार इन्चार्जविरुद्धच असेल तर? आणि इन्सिडेंट रिपोर्टचाच (चूक किंवा अनुचित घटना लेखी कळवण्याचा अहवाल) हत्यारासारखा वापर होत असेल, एकीच्या नावावर फुटकळ रिपोर्ट साठवत जायचं, तर काय करायचं?

फाईलवाली

आधी दुसरं. कुणी कुणावर रिपोर्ट केला याच्या जोड्या काढा. वॉर्डात २० जणी आहेत आणि एकीवरचे बहुतेक रिपोर्ट एकाच हातचे आहेत, तेही उशिरा भरलेला चार्ट, वेळेत न बदललेला ड्रेसिंग ट्रे असल्या बाबींवर, तर त्याच काळात बाकीच्यांचे चार्ट वेळेत होते का ते तपासा. बहुतेक वेळा नसतात. नियम असा करा की रिपोर्टमध्ये व्यक्तीचं नाव न येता घटना, वेळ, पाळीतली रुग्णसंख्या आणि हजर कर्मचारी येतील, आणि हे रिपोर्ट वार्षिक मूल्यमापनाच्या फाईलला जोडले जाणार नाहीत. जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा वेगळ्या मार्गाने हाताळा. हे दोन मार्ग एक झाले की रिपोर्ट यायचे बंद होतात आणि उरतात फक्त सूड काढणारे.

इन्चार्जविरुद्धची तक्रार. पायऱ्या अशा ठेवा:

तक्रार घ्यायला किमान दोन दारं हवीत, त्यातलं एक नर्सिंगच्या उतरंडीबाहेरचं. दोन दिवसांत लेखी पोच. चौकशी करणारी व्यक्ती त्या इन्चार्जच्या वरची नको आणि खालचीही नको. दोघींना वेगळं ठेवायची गरज पडली तर तक्रारदाराला हलवू नका. आपण होऊन मागितलं तरच. 'तिच्या भल्यासाठी' केलेली बदली सगळा वॉर्ड शिक्षा म्हणूनच वाचतो आणि पुढची पाच वर्षं कुणी तोंड उघडत नाही.

बोलणी क्रमाने: आधी तक्रारदार, मग साक्षीदार एकेकटे, मग जिच्यावर आरोप आहे ती. तिला तारीख-वेळेसह मुद्दे लेखी द्या आणि उत्तराला पुरेसा वेळ द्या. 'तुमच्याबद्दल बरंच ऐकू येतंय' असं मोघम बोलणं तिच्यावरही अन्याय आहे. शब्दाला शब्द असेल तिथे कागद बघा: लिस्ट, हजेरी, रजेचे अर्ज, खाटवाटप. एकेक घटना क्षुल्लक दिसते, म्हणून सगळ्या एका तारखवार तक्त्यात मांडून बघा. निनावी पत्रावर कुणाला दोषी धरायचं नाही, पण फेकायचंही नाही; तारीख टाकून ठेवा, तीन पत्रांत एकच वॉर्ड आला तर लिस्टची तपासणी लावा.

समोरासमोर बसवून समेट घडवणं इथे बाद. बरोबरीच्या दोघींत एखाद्या प्रसंगावरून बिनसलं असेल तर ते चालतं. इन्चार्ज आणि प्रोबेशनवरची मुलगी यांना समोर बसवलंत तर मुलगी माफी मागून बाहेर येते.

निकाल दोघींना लेखी कळवा. खरं काम त्यानंतर सुरू होतं: सहा महिने, महिन्यातून एकदा, तक्रारदाराच्या आणि साक्षीदारांच्या रात्रपाळ्या, रजा, बदल, शेरे तपासायचे. सूड उगवतो तो इथेच, आणि साक्षीदारांवर जास्त, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

वरिष्ठ ऐकत नसतील तर त्यांच्या भाषेत बोला. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००८ सालीच अशा वर्तनावर रुग्णसुरक्षेचा इशारा काढला होता, आणि त्यात आरडाओरड्याबरोबर प्रश्नाला उत्तर न देणं, तुसडेपणा हेही धरलं होतं. शिवाय एका जागेवर वर्षात किती जणी आल्या-गेल्या आणि प्रत्येकीच्या प्रशिक्षणाचे किती आठवडे वाया गेले, हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. नीतीपेक्षा तो लवकर पटतो.

रात्रपाळी

जिला त्रास होतोय तिच्यासाठी थोडकं. नोंद त्याच दिवशी, स्वतःच्या वहीत: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं, रुग्णाच्या कामावर काय परिणाम झाला, तुम्ही काय केलंत. 'फार वाईट बोलल्या' याचा चौकशीत उपयोग नाही. विशेषणं गाळा. सलग पानांची बांधलेली वही घ्या, सुटे कागद नकोत. तोंडी हुकूम मिळाला तर 'आपण सांगितल्याप्रमाणे आज दुपारनंतर लगेच उद्याची सकाळ करते आहे' असा साधा संदेश इन्चार्जना पाठवून ठेवा, तोच पुरावा होतो. फलकावर लागलेल्या लिस्टचा फोटो, तुमच्या रजेच्या अर्जाची पोच, मूल्यमापनाची प्रत घरी ठेवा.

मात्र केसपेपरचा किंवा औषधाच्या चार्टचा फोटो काढू नका, वहीत रुग्णाचं नावही लिहू नका. 'खाट ९, रात्रीचा हेपॅरिनचा डोस' एवढं पुरतं. मूळ कागद चौकशी करणाऱ्याला मागवता येतो. रुग्णाच्या कागदाचा फोटो फोनमध्ये सापडला की चौकशी तुमचीच सुरू होते, आणि मूळ तक्रार बाजूला पडते.